लांबची करंडी आधी

येडशी स्टेशनाच्या मागं तीन कडुलिंबांखाली फुलांचा अड्डा भरायचा, आणि त्या अड्ड्यावर रुद्रम्मा फुलारणीला विचारल्याशिवाय पाकळी हलत नव्हती. असं रुद्रम्मा स्वतः म्हणायची, आणि ते जवळजवळ खरं होतं. जवळजवळ म्हणायचं कारण एकच. महांतप्पा.

दिवस निजामाचे होते. तिकडं कुठं लढाई पेटलेली, इकडं रॉकेल मिळेना. मोटार कोळशावर चालायची आणि चढ लागला की उतारूंना खाली उतरून ढकलायला लावायची. पण देवाला फूल लागायचं ते लागायचंच. रामलिंगाच्या महादेवाला, धाराशिवच्या देवळांना आणि दर्ग्याला, येरमाळ्याच्या येडाईला, पार वाशीच्या बाजारापर्यंत, फूल जायचं ते या लिंबांखालून.

पद्धत अशी होती. उजाडायच्या सुमाराला आजूबाजूच्या मळ्यांतले लोक पाट्या घेऊन येत आणि ओल्या चादरीवर ओतत. मोगऱ्याचा ढीग वेगळा, गुलछडीचा वेगळा, कण्हेर, दवणा वेगळा. मग सगळे थांबत. कशासाठी? तर महांतप्पा यायचे म्हणून. अड्ड्यातले सगळ्यांत वडील, रुद्रम्माचे चुलत सासरे. त्यांची आंघोळ, मग लिंगपूजा, मग विभूती, मग पेलाभर दूध, मग दमणीला बैल जुंपायचे, आणि मग दमणीत बसून स्वारी यायची. घर अड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर. पण पायी आले तर ते महांतप्पा कसले! आले की चादरीवर वाकून पहिली ओंजळ उचलायची, कपाळाला लावायची, उपरण्यात घ्यायची. ही मानाची ओंजळ, त्यांच्या आजापासून चालत आलेली. ती उचलल्याशिवाय वाटपाला हात लावायचा नाही.

वाटपही मानानंच. आधी गावातलं देऊळ, मग गावातले पाटील-देशमुख, मग रामलिंग, मग धाराशिव, आणि शेवटी येरमाळा, वाशी. ज्याला चार पावलं टाकायची त्याची करंडी आधी भरायची, आणि ज्याला सात कोस तुडवायचे तो उन्हात तोंड बघत बसायचा. ढिगाच्या वरचं टवटवीत जवळच्याला, तळातलं दबलेलं, घामेजलेलं लांबच्याला. चाळीस वर्षं हे चाललं होतं आणि यात काही चुकतंय असं एकाही शहाण्याला वाटलं नव्हतं. रुद्रम्मालाही नाही. चादरीवर बसायची ती, माप चालायचं तिच्या ओंजळीचं. नवरा वीरप्पा गेल्यावर ती जागा तिनं पाच पुरुषांशी भांडून मिळवली होती. जागा मिळवण्यात एवढा दम गेला की जागेवर बसून काय करतोय हे बघायला सवड कुणाला होती?

ती सवड कोंडाबाईनं काढून दिली.

चैत्रातली एकादशी होती. वाटप आटोपून रुद्रम्मा चादर पिळत होती, तेवढ्यात एक हाडकुळी बाई तरातरा आली आणि काखेतली पाटी तिच्या पुढ्यात पालथी केली. काळपट, चिकट, गोळा झालेला मोगरा. वासही आंबूस.

"ही बघा तुमची फुलं," बाई म्हणाली. "परवाची न्हाय, तेरवाची न्हाय. काल सकाळी हितनं निघालेली, काल दुपारी आमच्याकडं पोचलेली. देवीच्या गळ्यात घालू का शेळीच्या म्होरं टाकू, तेवढं सांगा."

येरमाळ्याला देवीच्या माळा ओवणारी कोंडाबाई ती. रुद्रम्मानं तिला आजवर पाहिलं नव्हतं, फक्त नाव ऐकलं होतं. फुलं न्यायला तिकडून माणूस येत नसे, इथून बिरदेव धनगर आपल्या तट्टावर करंडी घेऊन जाई.

"चैतातलं ऊन हाय बाई," रुद्रम्मा म्हणाली. "फूल करपणारच."

"मग बार्शीवाल्याचं कसं करपत न्हाय? त्यो इंग्रजांच्या हद्दीतनं येतो. करोडगिरीच्या नाक्यावर त्याची पाटी न् पाटी उघडून बघत्यात. तरी तुमच्या आधी पोचतो आन् कळ्या मिटलेल्या असत्यात. तुमच्या वाटंवर तर नाकाबी न्हाय. का तुमीच नाका होऊन बसलाय?"

अड्ड्यावरचे चार-दोन जण हसले. रुद्रम्मानं त्यांच्याकडं बघितलं, तसे हसायचे थांबले.

"सरळ सांगते अक्का," कोंडाबाईचा आवाज जरा खाली आला. "पुनवेला येडाईची जत्रा. पालखीची, देवळाची, गावातल्या घराघरातली फुलं. तुमच्या वीरप्पानं ही वाट सुरू केली म्हणून आजवर सोसलं. चौदसेला एक करंडी धाडा. ताजी पोचली तर जत्रंची सगळी फुलं तुमची. न्हाय तर बार्शीवाल्याला मी व्हय म्हणून बसलेच हाय."

ती पाणी प्यायली आणि जशी आली तशी गेली. रुद्रम्मा त्या काळ्या मोगऱ्याकडं बघत बसली. मग तिनं त्यातलं एक फूल उचललं, बोटांनी उलगडलं, पाकळ्यांचे पदर मोजले आणि ते फूल पदराच्या टोकाला गाठीत बांधलं. का बांधलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुपारभर ती अंगणात बसली होती. पुढ्यात खडे मांडले होते. एक खडा अड्डा, एक रामलिंग, एक धाराशिव, एक येरमाळा, एक वाशी. शाळेत ती दोन पावसाळे गेली होती, तिसऱ्याला लग्न झालं; पण खडे मांडायला शाळा लागत नाही. बिरदेवाला बोलावून तिनं विचारलं, "तट्टू येरमाळ्याला किती येळात जातं?"

"आक्का, उन्हाच्या आधी निघालं तर न्याहारीपतुर जातं. उन्हात निघालं तर जातच न्हाय, म्या त्याला ओढून नेतो."

"आन् आपण तुला कवा सोडतो?"

बिरदेवानं डोकं खाजवलं. "मानाची ओंजळ, मग देऊळ, मग देशमुख, मग रामलिंग... ऊन मानंवर आल्यावर."

"आन् रामलिंग हितनं एक कोस. कवाबी निघालं तरी दवणा वल्लाच पोचंल."

"पोचंल की."

"मग आपण चाळीस वरसं उलटं धोतर नेसलोय, बिरदेवा."

दुसऱ्या दिवशी महांतप्पांची दमणी आली, ओंजळ उचलून झाली, आणि रुद्रम्मा डोक्यावरचा पदर सारखा करून, हात जोडून उभी राहिली.

"शरणार्थी, मामा. चौदसेपासून वाटप बदलायचं म्हणते. लांबची करंडी आधी. येरमाळा, वाशी पहिलं, मग धाराशिव, मग रामलिंग, आन् गावातलं सगळ्यांत शेवटी. आन् ढीग घालायचा न्हाय. पाट्या ओतायच्याच न्हायत. कुणाचं फूल कुठं जायचं ते आदल्या दिशी ठरवायचं. ज्यानं त्यानं मळ्यातच वल्ल्या पळसाच्या पानात भरून आणायचं. हितं फकस्त करंडीत ठेवायचं आन् वाटंला लावायचं."

महांतप्पांनी कान पुढं केला, जणू ऐकायला कमी आलं. "आन् माझी ओंजळ?"

"तुमच्यापतुर येरमाळ्याची करंडी थांबली तर ती करंडी न धाडलेली बरी."

महांतप्पांनी उपरण्यातली ओंजळ सावरली. 

"सूनबाई," महांतप्पा सावकाश म्हणाले, "ढीग घातला न्हाय तर ह्यो अड्डा कशाचा? बारा मळ्यांचं फूल एका चादरीवर येतं म्हणून आपण बारा घरं एक. आन् मान मोडला तर माणसं कशाला ऐकत्याल? पण तू ऐकणाऱ्यातली न्हाईस, ते म्या वीरप्पाच्या लग्नातच वळखलं होतं. कर. चौदसेला करून बघ. येरमाळ्याची करंडी ताजी पोचली तर चादर तुझी. न्हाय पोचली तर तू चादरीवरनं उठायचं. माझी नातसून शिवकांता बसंल."

पलीकडं माळा ओवायला केळीचं सोप काढत बसलेली शिवकांता दचकली. "मला न्हाय बसायचं! माझी कंबर दुखती!"

"तुला कुणी इचारलं?" दोघंही एकदम म्हणाले.

रुद्रम्मा म्हणाली, "मंजूर." आणि असं म्हणाली की जणू चादर महांतप्पांचीच पणाला लागली होती.

पुढच्या दिवशी तिनं बारा मळे पालथे घातले. काही जण कुरकुरले. धुरपताबाईनं तर कंबरेवर हात ठेवले. "ढिगात पडलं तर माझं फूल न् तुझं फूल एक व्हतं. येगळं राहिलं तर लोक म्हणत्याल, धुरपतीचं फूल बारीक."

"म्हणू देत. पाटीच्या तळाला बारीक, मुकी फुलं आन् वर टपोरी, ह्ये तुझं वीस वरसं ढिगात लपलं. आता लपायचं न्हाय. उद्या टपोरीच आण, लोक म्हणत्याल, धुरपतीचं फूल मोठं."

धुरपताबाईनं शिव्या दिल्या, पण सकाळी टपोरा मोगरा घेऊन आली.

एक अडचण उरली. कुठली करंडी कुठली, हे कळायचं कसं? ढीग होता तेव्हा रुद्रम्मा भरून हातात द्यायची आणि नाव सांगायची. आता करंड्या भरलेल्या येणार, एकावर एक रचल्या जाणार, सगळ्या वरून एकसारख्या. लिहून लावावं तर अड्ड्यावर वाचणारा कोण? एक पोरगा मदरशात जाऊन उर्दू शिकला होता, तो आपला लिहिलेलं आपणच वाचायचा. रुद्रम्मानं पानं ठरवली. येरमाळ्याला आंबा, कारण देवीची पालखी आमराईत जाते. धाराशिवला लिंब. वाशीला पळस. रामलिंगाला बेल, ते काय सांगायला हवं? रचलेल्या करंडीचं झाकण दिसत नाही म्हणून पान झाकणावर नको, खालच्या काठाला बाजूनं बांधायचं.

"शेळ्यांची चैन हाय," महांतप्पा दमणीतून म्हणाले. "करंडीबी मिळंल आन् पालाबी."

चतुर्दशी उजाडली. तांबडं फुटायच्या आत करंड्या आल्या. कुणी ओतलं नाही, कुणी थांबलं नाही. रुद्रम्मा चादरीवर मधोमध बसून बोटानं दाखवत होती. वाशीच्या करंड्या पळसाच्या पानानं ओळखून एका बैलगाडीवर चढल्या आणि गाडी निघालीसुद्धा. गोरोबा टांगेवाला धाराशिवच्या चार करंड्या लिंबाची पानं बघून उचलून घेत होता. बिरदेव तट्टाचा तंग आवळत होता, कोपऱ्यात त्याची आंब्याची करंडी उभी होती. तिच्याशेजारी रामलिंगाची, बेलाची. कोंबडं आरवून फार वेळ झाला नव्हता आणि अर्धा अड्डा रिकामा. रुद्रम्माच्या छातीत एवढं समाधान दाटलं की तिनं पानाची चंची काढली आणि चुना लावत बसली.

तिथंच घोटाळा झाला.

रामलिंगाला डोक्यावर करंडी घेऊन पायी जायचा तो माणिकप्पा. गळ्यात लिंग, कपाळावर तीन बोटं विभूती, देवाधर्माला इतका जपणारा की मुंगीलाही बाजूला हो म्हणायचा. त्यानं आपली करंडी बघितली आणि त्याला चटका बसला. बेल खालच्या काठाला! मातीला टेकलेला! आणि लोकांचे पाय त्याच्यापासून वीतभर अंतरावरून जात होते. महादेवाचं पान पायदळी! "शिव शिव शिव," म्हणत त्यानं बेल सोडला, डोळ्यांना लावला, आणि हाताला सगळ्यांत उंच जी जागा लागली तिथं ठेवला. ती जागा होती शेजारच्या उंच करंडीचं झाकण. येरमाळ्याच्या. मग महादेवाची फुलं न्यायची तर पाय धुवायलाच हवेत म्हणून तो विहिरीकडं गेला.

इकडं बिरदेव करंडी उचलायला आला. बघतो तर बाजूला आंबा आणि झाकणावर बेल. आता काय करायचं? आंबा खाली, बेल वर. वरच्याचा मान मोठा. शिवाय बिरदेवानं त्या दिवशी आंघोळ केली नव्हती, महादेवाच्या फुलाला हात लावायचा कसा? शेजारची करंडी त्याला बिनपानाची दिसली. माझं पान शेळीनं खाल्लं असणार, महांतप्पा म्हणालेच होते. त्यानं ती उचलली, तट्टावर बांधली आणि टाच मारली. नाकाला काही कळायची सोय नव्हती. चार वर्षं तपकीर ओढून त्या नाकात दुसरं काही शिरतच नव्हतं.

माणिकप्पा पाय धुऊन, वर जप उरकून बऱ्याच वेळानं आला. झाकणावर बेल. त्यानं करंडी नमस्कार करून डोक्यावर घेतली आणि रुद्रम्माच्या पुढून चालू लागला.

रुद्रम्माच्या तोंडात विडा होता. वास आला तशी ती चावायची थांबली.

"माणिकप्पा, थांब."

"आक्का, महादेवाला येळ नको."

"महादेवाला मोगरा कवापासनं लागाय लागला?"

"कण्हेर हाय की यात. कण्हेर आन् दवणा."

"खाली ठेव."

झाकण उघडलं. ओल्या पळसाच्या पानांत मिटलेल्या कळ्या, गोल, गच्च, शुभ्र. मोगरा. काठाला आंब्याचं पान डुलत होतं. रुद्रम्मानं बेल हातात घेतला, माणिकप्पाकडं बघितलं, आणि माणिकप्पा बोलायच्या आधी तिला सगळं कळलं.

"बेल पायाशी व्हता आक्का," तो रडवेला होऊन म्हणाला. "म्या वर ठेवला. पाप लागलं असतं."

"तुला न्हाय लागलं. मला लागलं," रुद्रम्मा म्हणाली, आणि तेवढ्यात दमणीच्या घुंगरांचा आवाज आला.

महांतप्पा उतरले. रिकामा अड्डा बघितला, चादर कोरडी पडत आलेली बघितली, उघडी करंडी बघितली. सगळं समजायला त्यांना वेळ लागला नाही. गोरोबा टांगा सोडून कौतुकानं सांगतच होता. बिरदेव कधीचा निघालाय, बिडी ओढून वर तासभर गप्पा मारता येतील एवढा वेळ झालाय, येरमाळ्याला येडाईच्या गळ्यात आता दवणा पडणार, वगैरे वगैरे.

"मग सूनबाई?" महांतप्पा म्हणाले. आवाजात गोडवा होता, तो जास्त बोचणारा. "पानं पानं खेळून झालं का? उठतीस?"

रुद्रम्मा उठली. चादर मात्र पायाखालीच ठेवली.

"उठले, मामा. तुमची दमणी पायजे."

"कशाला?"

"बिरदेवाला गाठायला. तट्टू वज्ज्यानं चालतंय, तुमचे बैल रिकामे हायत. चढाच्या पायथ्याला विहिरीवर त्यो तट्टाला पाणी पाजतो. तिथं गाठू."

"माझे बैल? तुझी चूक झाकायला?" महांतप्पा हसले. "माझा मान मोडायचा आन् माझ्याच दमणीत बसून?"

तेव्हा रुद्रम्मानं पदराची गाठ सोडली. तीन दिवस बांधलेलं ते फूल बाहेर काढलं. काळं, कुरकुरीत, वाळून बोराएवढं झालेलं. ते तिनं महांतप्पांच्या तळहातावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी करंडीतली एक ताजी कळी ठेवली.

"वळखा."

महांतप्पांनी कळी उचलली. ती ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते. बटमोगरा, हैदराबादेहून स्वतः मांडीवर धरून आणलेलं कलम. अख्ख्या मुलखात तो मोगरा त्यांच्या एकट्याच्या मळ्यात होता आणि हे ते रोज दोनदा सांगत. "ही माझी."

"आन् ह्ये?"

त्यांनी काळं फूल उलगडायचा प्रयत्न केला. पाकळ्यांचे पदर एकात एक, मोजता मोजता संपेनात असे.

"कोंडाबाईनं पालथं केलं त्यातलं हाय," रुद्रम्मा म्हणाली. "अकरा वरसं तुमचा मोगरा येरमाळ्याला असाच पोचतोय. तुमचा गडी सगळ्यांच्या आधी येतो, मळा जवळ म्हणून. आधी ओततो. म्हणजे तुमचं फूल ढिगाच्या तळाला. त्याच्यावर धुरपतीचं, त्याच्यावर बाकीच्यांचं. तुमी येता, वरची ओंजळ उचलता. कुणाची? दुसऱ्याची. आन् तळातलं तुमचं, दबून दबून, उन्हं चढल्यावर शेवटच्या करंडीत. येडाईनं तुमचा बटमोगरा धवळा असतो ह्येच अजून बघितलं न्हाय, मामा."

महांतप्पांनी काळं फूल पुन्हा कळीशेजारी ठेवलं. 

"तीन दिस गाठीत बांधून ठेवलंस," ते म्हणाले. "तवाच का न्हाय दाखवलंस? म्या काय दुष्मन हाय?"

"तवा दाखवलं असतं तर तुमच्या एकट्याचा मोगरा ढिगाच्या वर आला असता. बाकीच्यांचा खालीच राहिला असता."

महांतप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की आता ओरडणार. पण ते दमणीकडं वळून ओरडले, "बैल सोडू नको रे! तोंड फिरव!" आणि मग तिला, "बस. आन् ती करंडी मांडीवर घे. दमणी हिसके देती, कळ्या दबत्याल."

महांतप्पांच्या दमणीत आजवर बाई बसली नव्हती. त्या दिवशी बसली, आणि महांतप्पा पुढं गाडीवानाशेजारी बसले. वाटेतली माणसं वळून वळून बघत होती. बैल चांगले होते, इतकी वर्षं त्यांना हाकेच्या अंतरापलीकडं कुणी पळवलंच नव्हतं. मोकळा रस्ता लागला तसे ते उधळलेच. रुद्रम्मानं एका हातानं करंडी आणि दुसऱ्या हातानं दमणीची दांडी धरली होती, तोंडानं मात्र चालूच होतं. "डावीकडनं घे! खड्डा बघ! मामा, गाडीवानाला डोळे देवानं दिलेत का दानात आलेत?"

"तू गप बस, त्याला हाकू दे!"

"म्या गप बसले तर त्यो झोपंल!"

चढाच्या पायथ्याशी विहीर दिसली. विहिरीशी तट्टू पाणी पीत होतं, आणि बिरदेव चिलमीची राख झाडत होता. दमणीतून महांतप्पा उतरताना बघून त्याच्या हातातली चिलीमच पडली.

"म्या काय केलं? पारोसा हाय म्हणून बेलाच्या करंडीला शिवलोबी न्हाय," तो म्हणाला.

"आंघोळ," रुद्रम्मा म्हणाली. "ती केली न्हाईस. उद्यापासनं करून येत जा."

दवण्याची करंडी खाली आली. ऊन अजून कोवळं होतं, वाऱ्याला गारवा होता. रुद्रम्मा मोगऱ्याची करंडी उचलायला वाकली, तसा महांतप्पांनी हात आडवा केला.

"राहू दे."

सत्तरीच्या माणसानं करंडी दोन्ही हातांनी उचलली. झाकण किलकिलं करून एकदा वास घेतला. मग ती तट्टाच्या पाठीवर ठेवली, दोरी स्वतः आवळली, आंब्याचं पान बाहेर दिसेल असं सरळ केलं, आणि तट्टाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. तट्टू चढाला लागलं. ते दिसेनासं होईपर्यंत महांतप्पा रस्त्यात उभे होते.

"मामा," रुद्रम्मा म्हणाली, "आजवर तुमी पहिली ओंजळ घेत व्हता. आज पहिल्यांदा दिलीत. कुठला मान मोठा, ते तुमीच ठरवा."

"तुझं तोंड लई चालतं," महांतप्पा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

दवण्याची करंडी परत आली तेव्हा माणिकप्पा वाटेवरच उभा होता. रामलिंगाला तो अर्ध्या सकाळी पोचला, आणि दवणा ओलाच होता, रुद्रम्मानं खड्यांवरून सांगितल्यासारखा. फक्त तिथल्या वानरांनी एक फांदी पळवली, त्याचं खापर अड्ड्यावर फुटलं नाही.

दुपारी महांतप्पा घरी जेवून पुन्हा अड्ड्यावर आले आणि लिंबाखाली खाट टाकून पडून राहिले. आजवर कुणी त्यांना न्याहारीनंतर अड्ड्यावर पाहिलं नव्हतं.  रुद्रम्मा समोर चादर धूत होती. एक चादर, पण तिनं ती तीनदा धुतली.

उन्हं कलली तेव्हा बिरदेवाचं तट्टू दिसलं. करंडी रिकामी होती. तिच्या काठाला आंब्याची पानं बांधलेली होती. रुद्रम्मानं मोजली. नऊ.

"कोंडाबाईनं सांगितलंय," बिरदेव म्हणाला, "पुनवेला नऊ करंड्या. आन् म्हणाली, अक्काला म्हणावं, आज माळ ओवताना कळ्या माझ्या बोटात उमलल्या. आन् इचारलंय, ह्यो असला मोगरा इतकी वरसं कुठं लपवून ठेवला व्हता?"

महांतप्पा खाटेवर उठून बसले. घसा खाकरला. "मग काय सांगितलंस?"

"म्या म्हणलं, तळाला व्हता."

रुद्रम्मा हसली नाही. पण शिवकांता हसली, आणि मग तिला बघून माणिकप्पा, आणि मग खुद्द महांतप्पा, उपरणं तोंडावर घेऊन. हसून झाल्यावर ते म्हणाले, "बेलाचं काय करायचं? उद्या परत कुणीतरी उचलून डोक्यावर ठेवंल."

"ठरवलंय," रुद्रम्मा म्हणाली. "आंबा येरमाळा, लिंब धाराशिव, पळस वाशी. आन् जिला पानच न्हाय ती महादेवाची. कुणाच्या पायाशी न्हाय, कुणाच्या डोक्यावर न्हाय."

माणिकप्पानं हात जोडले. महादेवाला का रुद्रम्माला, हे त्यालाच ठाऊक.

पौर्णिमेला तांबडं फुटत होतं. नऊ करंड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला आंब्याचं पान. बिरदेव आंघोळ करून आलेला, केस अजून ओले. तट्टू एक आणि करंड्या नऊ, बाकीच्या आठ कशावर जाणार याची कुजबूज चालली होती. तेवढ्यात घुंगरं वाजली. दमणी आली, आणि तिच्यात कुणी बसलेलं नव्हतं. गाडीवानानं ती सरळ करंड्यांपाशी आणून लावली. आतली गादी काढून टाकलेली, तिथं ओला पळस अंथरलेला.

मागून पायी महांतप्पा येत होते. कपाळाला विभूती होती, म्हणजे पूजा उरकून आले होते; अंधारातच उठले असणार. हाकेचंच अंतर, पण इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळं दम लागला होता.

"मामा, पायी?" रुद्रम्मानं विचारलं.

"दमणीत फुलं बसणार हायत," ते म्हणाले. "म्या कुठं बसू, तुझ्या डोक्यावर?"

त्यांनी बाह्या सारल्या आणि पहिली करंडी उचलली. रुद्रम्मानं ओली चादर झटकून अंथरली, मधोमध बसली, आणि बोटानं दुसरी दाखवली.